मोबदला आणि कोशलेखन : बारामती–इंदापूर परिसराच्या निमित्ताने एक विचार

१

ज्ञानकोशातील नोंद पैसे घेऊन लिहावी की नाही, हा प्रश्न मराठी अभ्यासकास प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. आंतरजालावरील मुक्त ज्ञानकोशांत, विशेषतः विकिपीडियात, मोबदला घेऊन नोंदी लिहून देणारे स्वतंत्र लेखक गेल्या दीड-दोन दशकांत पुढे आले आणि त्यांच्याविषयीचा वाद मुख्यतः इंग्रजीत झाला. तथापि हा वाद आता आपल्या दारी आला आहे. पदव्युत्तर मराठीचे विद्यार्थी भाषांतराची व मजकूरलेखनाची कामे शब्दांच्या दराने स्वीकारतात. संस्था, कारखाने व सार्वजनिक कार्यकर्ते ह्यांना ‘आपले पान’ जालावर असावे असे वाटते. आणि ज्या मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला, त्यावर नियमितपणे लक्ष ठेवणाऱ्या संपादकांची संख्या इंग्रजीच्या तुलनेने फारच अल्प आहे. अशा स्थितीत मोबदल्याने लिहिलेल्या नोंदीची परीक्षा कोणत्या कसोट्यांवर करावी, ह्याचा विचार भाषेच्या व वाङ्मयाच्या विभागांनी करणे अगत्याचे झाले आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : दोष मोबदल्यात नाही. दोष मोबदला लपविण्यात आहे, देणाऱ्याचा नोंदीच्या विषयात स्वार्थ असण्यात आहे, आणि मोबदल्याचे माप चुकीचे असण्यात आहे. ह्यांपैकी पहिल्या दोन दोषांची चर्चा अन्यत्र पुष्कळ झाली आहे. तिसऱ्याची जवळजवळ झालेली नाही, आणि भाषाभ्यासकाचे काम नेमके तेथे सुरू होते.

२

मराठी कोशवाङ्मयाची परंपरा पाहता ती निर्वेतन सेवेची परंपरा आहे असे म्हणता येत नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ हाती घेतला तो मर्यादित भांडवलाची कंपनी उभारून. भागधारक मिळविले, आगाऊ वर्गणीदार जमविले, पगारी साहाय्यक नेमले आणि १९२० ते १९२७ ह्या काळात हे प्रचंड काम बहुतांशी तडीस नेले. कोशाच्या खपावर कंपनीचे भवितव्य अवलंबून होते. म्हणजे आजच्या भाषेत बोलावयाचे तर हा एक व्यापारी प्रकल्पच होता. असे असूनही केतकरांच्या कोशास कोणी विकाऊ म्हटले नाही. त्यांची मते मात्र सर्वांस दिसत होती. पहिले पाच प्रस्तावनाखंड तर उघडउघड एका समाजशास्त्रज्ञाची मांडणी आहेत. पण त्या मतांवर केतकरांचे नाव होते, आणि ज्या मतावर नाव असते त्याचा प्रतिवाद करता येतो. शिवाय पैसे देणारा वर्गणीदार हा सर्वसाधारण वाचक होता. ‘जपान’ किंवा ‘ज्योतिष’ ह्या नोंदीत काय लिहिले जावे ह्याविषयी त्याचा काही स्वार्थ नव्हता.

दुसरे उदाहरण वाईच्या मराठी विश्वकोशाचे. १९६० साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले व तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली विश्वकोशाचे कार्य सुरू झाले. १९७६ साली पहिला खंड निघाला, आणि १९८० साली विश्वकोशासाठी स्वतंत्र मंडळ झाले. येथे पैसा शासनाचा, संपादकवर्ग वेतनावर काम करणारा, व विषयतज्ज्ञ बाहेरचे. नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव छापण्याची पद्धत ह्या कोशाने कटाक्षाने पाळली. ह्या योजनेत तीन माणसे वेगळी ठेवलेली आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे : पैसा देणारा, नोंद लिहिणारा आणि नोंद तपासणारा. ही तिघे एकत्र आली की कोशाचे माहितीपत्रक होते.

आता बारामतीकडे वळू. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बारामतीचे नाव मोरोपंतांमुळे आहे (१७२९–१७९४). पंत हे बाबूजी नाईक बारामतीकरांच्या पदरी पुराणिक होते. म्हणजे आश्रयावर निर्वाह करणारे लेखक होते. त्या आश्रयाने आर्याभारत व रामायणांची मोठी मालिका ह्यांस बाधा आली असे कोणी म्हणणार नाही, कारण भारतकथेत कौरव-पांडवांपैकी कोणाचा पक्ष घ्यावा ह्याच्याशी नाईकांच्या सावकारीचा संबंध नव्हता. पण अशी कल्पना करावी की, १७४० साली पहिल्या बाजीरावाच्या मृत्यूनंतर पेशवेपदासाठी रघूजी भोसल्यांनी बाबूजी नाईकांचे नाव पुढे केले त्या प्रसंगाचा वृत्तांत पंतांनी लिहावा, असे त्यांस सांगण्यात आले असते. लेखक तोच, आश्रय तोच, वर्षासनही कदाचित तेच. तरीही त्या वृत्तांताकडे आपण निराळ्या दृष्टीने पाहिले असते. मोबदला आणि निष्ठा ह्यांचा संबंध रकमेवर नव्हे, विषयावर ठरतो, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे.

३

मुक्त ज्ञानकोशाची घडण ह्या दोहोंहून भिन्न आहे. तेथे प्रधान संपादक नाही व नोंदीखाली सही नाही. प्रत्येक बदल ‘इतिहासा’त नोंदला जातो खरा, पण तो बहुधा टोपणनावाने होतो. जो मजकूर लिहिला जातो तो मुक्त परवान्याखाली सर्वांचा होतो व कोणासही तो बदलता येतो. ह्या घडणीत मोबदला शिरला म्हणजे काय होते, ह्याचे धडे इंग्रजी विकिपीडियाने घेतले आहेत. २०१३ साली ‘विकि-पीआर’ ह्या व्यवसायसंस्थेने अनेक बनावट खात्यांद्वारे ग्राहकांच्या नोंदी लिहिल्याचे उघड झाले व संपादकसमूहाने तिच्यावर बंदी घातली. जून २०१४ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानाने आपल्या वापरअटींत बदल करून, मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने मालक, ग्राहक व संबंध प्रकट केलेच पाहिजेत असा दंडक घातला. हे प्रकटीकरण सदस्यपानावर, चर्चापानावर किंवा संपादनाच्या सारांशात करावयाचे असते. तरीही २०१५ साली ३८१ खाती बंद करावी लागली असे एक प्रकरण बाहेर आले. त्यातील रीत विशेष बोधप्रद होती. ज्यांच्या नोंदी नाकारल्या गेल्या त्यांनाच गाठून पैसे मागावयाचे, आणि नोंद प्रसिद्ध झाल्यावर ती ‘सांभाळण्या’साठी पुन्हा मासिक रक्कम घ्यावयाची, अशी ती रीत होती.

ह्या व्यवहारात ग्राहकही फसतो, ही गोष्ट सहसा ध्यानी घेतली जात नाही. ज्याचा मालकीहक्क विकता येत नाही अशी वस्तू त्यास विकली जाते. आज लिहिलेले पान उद्या दुसरा कोणी खोडू शकतो, आणि ते खोडणारा बहुधा योग्यच करीत असतो.

दुसरा धडा भारतीय भाषांतला आहे, आणि तो अप्रामाणिकपणाचा नसून सदिच्छेचा आहे. २००९ च्या सुमारास गूगल कंपनीने आपल्या भाषांतरसाधनाच्या साहाय्याने, वेतन देऊन, इंग्रजी नोंदींची भाषांतरे भारतीय भाषांतील विकिपीडियांत घालण्याचा उपक्रम केला. तमिळ, तेलुगू, कन्नड, बंगाली इत्यादी भाषा त्यात होत्या. स्वार्थ लपविलेला नव्हता, कोणाची जाहिरातही नव्हती, आणि तरीही तक्रारी आल्या. भाषा कृत्रिम होती, विषयांची निवड वाचकांच्या गरजेशी जुळत नव्हती, आणि भाषांतरकार आपला मजकूर टाकून निघून जात. चुका निस्तरण्याचे काम स्थानिक स्वयंसेवकांच्या पदरी पडे. बंगाली संपादकसमूहाने ही भाषांतरे स्वीकारण्यास नकार दिला; तमिळ समूहाने अटी घालून कंपनीशी बोलणी केली. स्वार्थाचा लवलेश नसतानाही मोबदल्याचे लेखन का बिघडले, ह्या प्रश्नाचे उत्तर मोबदल्याच्या मापात सापडते.

४

कोशलेखनास शब्दांनी किंवा आकारमानाने मोजून पैसे दिले असता भाषेवर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी चार गोष्टींचा विचार करू.

पहिली गोष्ट मापाचीच. विकिपीडिया प्रत्येक बदलाचा आकार बाइटमध्ये दाखवितो. आज रूढ असलेल्या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, वेलांटी, हलन्त व अनुस्वार हीदेखील स्वतंत्र चिन्हे गणली जातात. बारामतीचा शेतकरी नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यास ‘पाटाचे पाणी’ म्हणतो. ‘पाट’ ह्या शब्दाचे नऊ बाइट होतात. त्याच अर्थाने ‘जलसिंचन कालवा’ असे लिहिले तर मधल्या मोकळ्या जागेसह सदतीस होतात. बाइटांनी किंवा लेखाच्या लांबीने काम मोजले तर देशी शब्द वापरणारा लेखक तोट्यात राहतो व जोडाक्षरांचा डोंगर रचणारा फायद्यात. शब्दांनी मोजले तर ‘बांधला’ ह्याऐवजी ‘ह्याचे बांधकाम करण्यात आले’ असे लिहिणाऱ्यास चौपट मिळते. नेमकेपणा हा कोशशैलीचा प्राण. आणि माप असे की नेमकेपणास दंड व्हावा.

दुसरी गोष्ट कर्त्याच्या लोपाची. नमुन्यादाखल असे वाक्य घेऊ : ‘ही संस्था परिसरातील अग्रगण्य संस्था म्हणून ओळखली जाते.’ मराठीत कर्मणी रचनेत कर्ता अध्याहृत ठेवणे व्याकरणसंमत आहे. पण कोशात ते संशयास्पद असते. कोणाकडून ओळखली जाते? विद्यार्थ्यांनी अशा प्रत्येक वाक्यात कर्ता घालून पाहावा. ‘विद्यापीठाच्या अहवालात’ असा कर्ता मिळाला तर वाक्य टिकेल व त्यास संदर्भ जोडता येईल. ‘संस्थेच्या माहितीपत्रकात’ एवढाच कर्ता मिळाला तर वाक्य आपोआप गळून पडेल. ‘मानले जाते’, ‘समजले जाते’, ‘ख्यातनाम आहे’, ‘मोलाचे योगदान दिले आहे’ ह्या सर्वांस हीच कसोटी लागू आहे. मोबदल्याच्या लेखनाचे हे सर्वांत विश्वसनीय लक्षण होय.

तिसरी गोष्ट आदरार्थी अनेकवचनाची, आणि ती इंग्रजीतील चर्चेत उद्भवूच शकत नाही. इंग्रजीत व्यक्तीविषयी लिहिताना सर्वनामाने आदर दाखवावा लागत नाही. मराठीत ‘तो’ की ‘ते’ हे ठरविल्यावाचून पहिले वाक्यही पुरे होत नाही. ‘मालोजी इंदापूरच्या लढाईत पडला’ आणि ‘मालोजीराजे इंदापूरच्या रणसंग्रामात धारातीर्थी पडले’ ह्या दोन वाक्यांतील माहिती एकच आहे. दुसऱ्यात अधिक आहे ती लेखकाची वृत्ती. म्हणजे मराठी कोशकारास तटस्थता ही केवळ मजकुराने साधत नाही. ती व्याकरणाच्या एका ठरावाने साधावी लागते. आणि तो ठराव सर्व नोंदींस सारखा लागू असावा लागतो. हे काम एकेका नोंदीचा मोबदला घेणाऱ्या सुट्या लेखकाकडून होणे नाही. त्यास फक्त आपला ग्राहक दिसतो, आणि ग्राहकास एकवचन खपत नाही. अर्थात न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, ‘धारातीर्थी’ हा शब्द पैसे घेऊन लिहिणाराच वापरतो असे नाही. निव्वळ भक्तीने लिहिणारा स्वयंसेवक तो अधिक उत्साहाने वापरतो. निर्वेतनता ही तटस्थतेची हमी नव्हे.

चौथी गोष्ट परिभाषेची. उजनी धरणाचे पाणी इंदापूर तालुक्यात भिगवणपर्यंत पसरले आहे, आणि त्या पसरलेल्या पाण्यास मराठीत ‘फुगवटा’ हा उत्तम शब्द आहे. निमगाव केतकीच्या परिसरातील ‘पानमळा’, बारामती तालुक्याची ‘जिरायत’ व ‘बागायत’ अशी विभागणी, कालव्याच्या पाण्याची ‘पाळी’, हे शब्द त्या भूमीच्या अर्थव्यवस्थेची परिभाषाच आहेत. इंग्रजी नोंद समोर ठेवून भाषांतर करणारा फुगवट्यास ‘बॅकवॉटर’ म्हणेल, किंवा ‘पार्श्वजल’ असा नवा शब्द घडवील. दोन्ही ठिकाणी वाचकाचा शब्द त्याच्यापासून हिरावला जातो. ह्याचे कारण भाषांतरकाराचे अज्ञान नसून त्याच्या कामाची घाई हे होय. चौकशी करण्याचा वेळ मोजला जात नाही, म्हणून तो दिला जात नाही.

५

ह्या कसोट्या घेऊन प्रत्यक्ष बारामती–इंदापूर परिसरातील नोंदींचा विचार केला असता काय दिसते? मराठी विकिपीडियावर महाराष्ट्रातील पुष्कळ गावांच्या नोंदी एकाच साच्यात उभारलेल्या आहेत. भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा अशी शीर्षके असतात व त्यांपैकी बरीचशी रिकामी असतात. कोणी पैसे देऊन ती भरून घेण्याचे ठरविले, तर ‘हवामान’ त्वरित भरले जाईल, कारण ते शेजारच्या गावाच्या नोंदीतून उचलता येते. ‘लोकजीवन’ रिकामेच राहील.

ज्यांस पैसा मिळेल व ज्यांस मिळणार नाही अशा विषयांची यादी मनाशी करून पाहावी. साखर कारखाने, शिक्षणसंस्था, व्यक्ती, देवस्थाने ह्यांच्या नोंदींस आश्रयदाता मिळेल. पण ‘खंडकरी’ ह्या शब्दाची नोंद कोण लिहवून घेईल? खासगी साखर कारखान्यांनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या जमिनी, १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा, १९६३ साली स्थापन झालेले राज्य शेती महामंडळ, जमिनी परत मिळाव्यात म्हणून दीर्घकाळ चाललेला लढा आणि २०१२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन जमीनवाटपाचा मोकळा झालेला मार्ग, अशी ही कथा आहे. वालचंदनगरच्या आसपासच्या इंदापूरकरांस ती घरची वाटेल. ह्या विषयावर इंग्रजी नोंद समोर ठेवून भाषांतर करण्याची सोय नाही. येथे प्रत्येक पक्षाचा स्वार्थ आहे, म्हणून कोणत्याही पक्षाचा पैसा चालणार नाही. आणि कोणाचाच पैसा नसेल तर सातबारा, शासननिर्णय, वृत्तपत्रांच्या जुन्या फायली व वृद्ध खंडकऱ्यांच्या आठवणी पडताळण्याचे श्रम कोण करणार? मोबदल्याच्या प्रश्नाची खरी कोंडी ही आहे. बाजार ज्या नोंदी लिहवून घेतो त्यांची कोशास गरज कमी, आणि ज्यांची गरज अधिक त्यांस बाजारात गिऱ्हाईक नाही.

मालोजींचेच उदाहरण पुन्हा घेऊ. ते इंदापूर येथे लढताना मरण पावल्याचे परमानंदाच्या ‘शिवभारता’त आले आहे. मृत्यूचे वर्ष मात्र निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळे दिले आहे. चांगली नोंद हा मतभेद मांडील व प्रत्येक मताचा आधार सांगेल. शब्दांच्या दराने लिहिणारा एक वर्ष निवडून पुढे जाईल, कारण त्यास पुढची नोंद संपवावयाची आहे. अभिमानाने लिहवून घेणारा आपल्या सोयीचे वर्ष निवडील. पहिल्याची चूक आळसाची व दुसऱ्याची हेतूची, पण वाचकाच्या हाती पडणारे फळ एकच : जेथे शंका आहे तेथे निश्चिती.

६

ह्यावर एक आक्षेप संभवतो, व तो सबळ आहे. मोबदल्याविषयी इतक्या अटी घालण्यापेक्षा कोशलेखन सर्वस्वी निर्वेतन का ठेवू नये? उत्तर असे की, निर्वेतन लेखन ज्यांस फावला वेळ आहे त्यांचेच लेखन असते. शहरातील, सुस्थित, बहुधा तंत्रज्ञ पुरुष असा त्या लेखकवर्गाचा तोंडवळा जगभर दिसून आला आहे. निमगाव केतकीच्या पानमळ्यात काम करून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थिनीस पानवेलीविषयी जे ठाऊक आहे ते पुण्यातील स्वयंसेवकास ठाऊक नाही. पण तिचा वेळ फुकट मागण्याचा अधिकार आपणांस नाही. ज्ञानसेवेच्या नावाखाली गरिबाचे श्रम विनामूल्य घेणे ही उदात्तता नव्हे. केतकरांनी आपल्या साहाय्यकांस पगार दिला, तर्कतीर्थांच्या संपादकमंडळास वेतन होते. मग इंदापूरच्या विद्यार्थिनीपाशीच निःस्वार्थतेची अपेक्षा का धरावी?

म्हणून मोबदला असावा, पण तो कशाचा असावा हे ठरविले पाहिजे. माझ्या मते तो नोंदीचा नसावा, शब्दांचा तर मुळीच नसावा. तो शोधाचा असावा. महिनाभर गावोगाव फिरून शब्द, कागदपत्रे व आठवणी गोळा करण्यासाठी विद्यावेतन द्यावे, आणि त्यातून किती नोंदी निघाल्या हे मोजू नये. दुसरे, पैसा विद्यापीठाचा किंवा शासनाचा असावा, व विषय ठरविण्याचा अधिकार पैसा देणाऱ्याकडे नसावा. तिसरे, प्रकटीकरण हे केवळ वापरअटीचे पालन म्हणून न करता विश्वकोशातील सहीच्या परंपरेचे अनुसरण म्हणून करावे. लिहिणाऱ्याने आपल्या सदस्यपानावर नाव, विभाग व विद्यावेतनाचा स्रोत लिहावा. चौथे, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, तपासणाऱ्यासही वेतन द्यावे. आजवरच्या योजनांत नव्या नोंदींस उत्तेजन मिळाले. जुन्या नोंदीतून दहा निराधार वाक्ये काढून टाकणाऱ्यास कोणी काही दिले नाही, कारण त्याचे काम बाइटांत उणे भरते. कोशाची खरी प्रकृती मात्र ह्या उण्या आकड्यांवरच अवलंबून असते.

मराठी विश्वकोश मंडळाने विषयवार ज्ञानमंडळे स्थापून विद्यापीठांस व संशोधनसंस्थांस ह्या कार्यात सहभागी करून घेतले आहे. त्या मार्गाने तज्ज्ञांचे लेखन मिळते, पण खेड्यातील ज्ञान मिळतेच असे नाही. भाषाविभागांनी ह्या दोहोंमधील दुवा व्हावे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात कोशलेखनाची एक प्रश्नपत्रिका ठेवून, तीत कर्तृलोपाची, आदरार्थी वचनाची व देशी परिभाषेची परीक्षा प्रत्यक्ष नोंदींवर करवून घ्यावी. ज्यास कर्ता कोठे लपला आहे हे ओळखता येते त्यास पैसा कोठे लपला आहे हेही बहुधा ओळखता येते.

बारामतीच्या आश्रयावर मराठीस एक महाकवी मिळाला. आश्रय आजही मिळेल. त्याचा दर शब्दांवर ठरावा की शोधावर, एवढेच आपल्या हाती आहे, आणि ते ठरविण्याचे काम बाजारावर सोपवून चालणार नाही.